खांद्याचा गूळ

कोल्हापूर
संक्रांतीनंतरचा सोमवार

प्रिय बाबालाल,

एवढ्या उशिरा पत्र लिहितोय, आधी त्याची माफी दे. दिवाळी संपता संपता तू नेसरीला सलमाकडं गेलास आणि इथं संक्रांतीचा तिळगूळ खाऊन झाला, तरी माझ्या हातून तुला चार ओळी गेल्या नाहीत. कागद पुढं घेतला नाही असं नाही. एकदा पेन उठेना. एकदा म्हैस व्यायला झाली. एकदा ‘प्रिय बाबालाल’ एवढं लिहून झालं आणि पुढच्या ओळीच्या काळजीनं तळहाताला असा घाम आला की कागदच चिकटला. फोन करावा तर तू फोनवर येत नाहीस. सलमा गुणाची पोर, पण तिला खोटं बोलता येत नाही. कधी म्हणते अब्बा झोपलेत, कधी म्हणते रानाकडं गेलेत. परवा म्हणाली, “काका, अब्बा दाढी कराय लागल्यात.” हजहून आल्यापासून ज्या माणसानं दाढीला वस्तरा लावला नाही तो दाढी करायला बसलाय, आणि मागनं त्याचा खोकला मला इथं ऐकू येतोय. तालमीत आपण शेजारी शेजारी झोपायचो तेव्हापासून मी तो खोकला ओळखतो. म्हणून शेवटी पत्र. पत्राला ‘झोपलेत’ म्हणून परत लावता येत नाही. वाचून फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

इकडं सगळं ठीक आहे. ठीक म्हणजे माझ्या मानानं ठीक. तुला माहीत आहे, माझ्या घरात काळजीला कायमचा पाट मांडलेला असतो. मोरी म्हैस व्याली, रेडी झाली. धारा आता आमचा पोरगा कृष्णातच काढतो आणि कट्ट्यावर दूध घालायलाही तोच जातो. मला म्हणतो, आबा तुम्ही नुसतं बसा. नुसतं बसलं की मला काय काय सुचत राहतं हे त्याला कुठं ठाऊक? तुझ्या सायकलच्या दुकानाचं कुलूप मी रोज सकाळी ओढून बघतो. पायरीखाली मांजरीनं पिल्लं घातलीत, ती मी हाकलली नाहीत, तू आल्यावर तुझं तू बघ. तालमीतली मंडळी विचारतात, बाबालाल कधी येणार? मी सांगतो, लेकीकडं पाहुणचार चाललाय. शेजारची अंबूबाई मात्र मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणते, “एवढा पाहुणचार लांबला तर पावण्याचं रेशनकार्ड तिकडंच काढाय लागंल की!” तिच्या तोंडाला कोण लागणार? आणि घरात सध्या मुंग्या फार झाल्यात. त्या मुंग्यांपायी माझी झोप उडालीय, पण ते शेवटी सांगतो.

तू ज्याची वाट बघत असशील ते आता लिहितो. नंदूचा खांदा. आमची राजनंदिनी गोलात उभी राहायला लागली ती तुझ्यामुळं. गल्लीतली पोरं नातीला फुटबॉल खेळायला घेईनात म्हणून मी कष्टी होऊन बसलो होतो, तेव्हा तू म्हणालास, “हिचे हात बघ हंबीर, दाव्यावानी लांब हाईत. हिला गोलात घाला.” त्या दिवसापासून ती गोलात आणि तू गोलच्या मागं उलट्या बादलीवर. आता पोरगी अकरावीत गेली, जिल्ह्याच्या मुलींच्या संघासाठी तिचं नाव घेतात. पहिल्यांदा तिचा उजवा खांदा निसटला तो उडी मारून बॉल अडवताना. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो, पोचेपर्यंत तू बसवलाही होतास. दुसऱ्यांदा पावसाळ्यात, सरावात. तेव्हाही तूच. पण दिवाळीतलं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ना उडी, ना पडणं. आकाशकंदील टांगायला नुसता हात वर केला आणि पोर तशीच खाली बसली, डावा हात उजव्या खांद्याला धरून. तुला बोलावलं. तू आलास. या वेळी तो लवकर बसेना, नंदू किंचाळली, आणि बसल्यावर स्नेहल जे बोलली ते तू ऐकलंस, मीही दारात उभा राहून ऐकलं. “चाचा, दर खेपेला तुम्ही ओढता म्हणून त्यो सैल झालाय. माझ्या पोरीचा खांदा म्हंजे तुमच्या सायकलीचं चाक न्हवं.” माझ्या सुनेची जीभ तिखट आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक, पण त्या दिवशी ती आई होती आणि भ्यालेली होती. चपला घालताना तुझा एक अंगठा बाहेरच राहिला आणि तू तसाच पाय ओढत गेलास.

आणि त्या खेपेचा गूळ आमच्या घरातनं तुला गेलाच नाही.

हे लिहिताना मला आपले वस्ताद आठवतात. त्यांनी तुला हाडं बसवायला शिकवलं आणि मला शिकवलं नाही, कारण म्हणाले, “ह्यो हंबीर दुसऱ्याच्या हाडाला हात लावायच्या आधीच रडतोय.” खरंच होतं ते. पैसा घ्यायचा नाही, घेतला की हात जड होतो, असं त्यांनी तुझ्याकडून वदवून घेतलं. घ्यायचा तो गूळ. तोही ज्याचं हाड बसवलं त्यानं त्याच हातानं, खांद्याच्या वर उचलून द्यायचा, म्हणजे हात चालतो की नाही ते तुझं तुला दिसतं. आणि वेळ होऊनही एकाचा गूळ यायचा राहिला असेल तोवर दुसऱ्याच्या हाडाला शिवायचं नाही. तुझा पहिला गूळ माझाच. जत्रेच्या मैदानात त्या लुकड्या पैलवानानं मला उचलून टाकलं आणि माझा हात लोंबायला लागला. तू तिथंच मातीत बसून तो जागेवर घातलास. महिन्याभरानं मी गुळाचा खडा उचलून तुझ्यापुढं धरला तेव्हा माझा हात थरथरत होता, आणि तू म्हणालास, “ह्यो खांद्याचा दोष न्हाय, ह्यो स्वभावाचा हाय, त्याला माझ्याकडं इलाज न्हाय.” सगळी तालीम हसली होती. तो खांदा पुन्हा कधी निसटला नाही. आता तर हातच कानाच्या वर जात नाही, खांदा निसटणार कुठला?

तू गेल्यावर कृष्णातनं चौकशी केली आणि राजारामपुरीतल्या एका डॉक्टरबाईंचं नाव आणलं. त्या फक्त खांदा बघतात. मी म्हणालो, आता उद्या कोपराचा वेगळा निघेल आणि मनगटाचा वेगळा. त्यावर नंदू म्हणाली, “निघालेत आबा, त्याच इमारतीत हाईत.” स्नेहल, नंदू आणि मी रिक्षानं गेलो. वाटेत मला वाटलं गॅस चालू राहिला. मग वाटलं रिक्षा उलटली तर पोरीचा दुसरा खांदाही जाईल, म्हणून मी तिचा डावा हात घट्ट धरून बसलो. स्नेहल म्हणाली, “आबा, तुम्ही धरलाय त्यानंच निघंल त्यो.” दवाखान्यात आमच्या आधी बरीच माणसं होती. प्रत्येकाचा हात गळ्यात. मला देवळाबाहेर बसल्यासारखं वाटलं.

डॉक्टरबाई तरुण आहेत, केस आखूड, आवाज हळू. त्यांनी खांद्याला हात लावायच्या आधी नुसतं विचारलंच किती! पहिल्यांदा कसा निघाला, हात कुठल्या बाजूला होता, बधिर झालं का, मुंग्या आल्या का, झोपेत कधी सरकतो का, मुद्दाम काढून दाखवता येतो का. मग विचारलं, “बसवला कुणी?” नंदू सरळ म्हणाली, “चाचांनी. तिन्ही खेपेला.” मी फरशीकडं बघायला लागलो. बाईंनी लिहून घेतलं, कपाळाला आठी घातली नाही. दंडाच्या बाहेरच्या अंगाला कापसानं शिवून विचारलं, इथं दोन्हीकडं सारखंच लागतं का? सारखं लागतं म्हटल्यावर म्हणाल्या, नस शाबूत आहे. हे ऐकून मी तिथंच देवीला हात जोडले. कारण तोवर मला हेही माहीत नव्हतं की तिथं नस असते आणि तिचीही काळजी करायला हवी होती.

मग त्यांनी एक गंमतच केली. खांदा राहिला बाजूला, आणि नंदूला म्हणाल्या, अंगठा वाकवून मनगटाला टेकव. टेकला. करंगळी मागं वाकव. ती उभी काटकोनात. कोपर सरळ कर म्हटलं तर ते सरळ होऊन आणखी उलटं गेलं, धनुकलीसारखं. गुडघे न वाकवता वाकली तर दोन्ही तळवे फरशीवर सपाट. मी आपला मनात म्हणतोय, पोरीला सर्कशीत घालायचंय का यांना? त्या एकेक करून आकडा मांडत होत्या. म्हणाल्या, हिचे सगळेच सांधे सैल आहेत, ठेवणच तशी आहे.

त्यानंतर खांदा, आणि तोही आधी डावा, जो चांगला आहे तो. हात मोकळा लोंबता सोडायला सांगितला आणि कोपराच्या वर धरून हळूच खाली ओढला. बाबालाल, खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली एक खळगा पडला, बोट मावेल एवढा. मी उभाच राहिलो. मग उजवा ओढला, तिथंही तसाच खळगा, तेवढाच. मग त्यांनी एका हातानं खांदा धरला आणि दुसऱ्या हातानं दंडाचं गोल टोक चिमटीत घेऊन पुढं-मागं हलवलं, आपण दावणीचा खुंटा रोवल्यावर हलवून बघतो ना, किती पक्का बसलाय ते, अगदी तसं. डावा खुंटा पुढं-मागं हलत होता, पण खोबणीच्या कडेवरनं उतरत नव्हता. उजवा मागं डाव्यासारखाच हलला, पुढं मात्र जरा जास्त सरकला आणि कडेपर्यंत जाऊन आला. हे त्या बोलल्या म्हणून मला कळलं. मला नुसतं पोरीच्या पाठीवर आलेलं काट्यांचं रान दिसत होतं.

आता पुढचं वाचून हसशील, हस. तिला उताणं झोपवलं, हात बाजूला घेतला, कोपर दुमडलं आणि पंजा हळूहळू मागं न्यायला लागल्या, दगड भिरकवायच्या पवित्र्यात असतो तसा. मला वाटलं त्या खांद्याकडं बघतील. त्या खांद्याकडं बघतच नव्हत्या, नंदूच्या तोंडाकडं बघत होत्या. आणि मी ओरडलो, “अगं आई, निघाला!” काही निघालं नव्हतं. बाईंनी हात खाली ठेवला आणि म्हणाल्या, “आजोबा, मला हिच्या चेहऱ्यावरची भीती बघायचीय. तुमची मध्ये येतेय.” नंदू हसली, स्नेहलही हसली, मग ती तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं, शाळेत उभं करायचे तसं. पण समोर काचेचं कपाट होतं. त्यात सगळं दिसलं. हात मागं जायला लागला तशा पोरीच्या भुवया वर गेल्या, डोळे मोठे झाले, आणि तिच्या नकळत तिच्या दुसऱ्या हातानं बाईंचं मनगट धरलं. बाईंनी विचारलं, दुखतंय? ती म्हणाली, “दुखत न्हाय. जातोय असं वाटतंय.” बाई म्हणाल्या, हेच मला हवं होतं, दुखणं वेगळं आणि हे वेगळं. मग त्यांनी आपला तळवा खांद्याच्या पुढच्या अंगाला ठेवला, मागं दाबून धरला, आणि तोच हात पुन्हा तसाच मागं नेला. आणि या वेळी उतू चाललेल्या दुधावर कुणी पाण्याचा हबका मारावा तशी पोरीच्या तोंडावरची भीती खाली बसली. हात तेवढाच मागं. नुसता पुढनं कुणाचातरी हात होता. तो काढला की भुवया पुन्हा वर.

काचेत बघता बघता माझे डोळे भरले. मला तुझा हात आठवला.

मग मी विचारलं. रात्रंदिवस तेच तर पोटात घेऊन फिरत होतो. म्हणालो, बाई, आमच्या मित्रानं तीन वेळा ओढून बसवला, त्यानं हा सैल झाला का? स्नेहल खाली मान घालून बसली होती. बाई म्हणाल्या, ओढून सैल झाला असता तर एकच झाला असता. खळगा दोन्हीकडं सारखा आहे, अंगठाही सारखा. सैलपणा हिला जन्मापासूनचा आहे आणि सैल असणं हा आजार नाही. पहिल्या उडीत उजव्याची पुढची कड ताणली, तेवढाच दोष, आणि एकदा निघालेला खांदा या वयात पुन्हा निघतोच, कुणीही बसवला तरी. मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढल्यावर कळलं, कड ताणलीय, फाटलेली नाही. म्हणाल्या, आधी काही महिने आजूबाजूचे स्नायू बांधू या. तेवढ्यानं भीती गेली तर खेळेल. नाही गेली तर आत टाके घालावे लागतील, मग हा हंगाम विसरायचा. आणि मग त्यांनी आणखी एक सांगितलं, तेही मी तुझ्यापासून लपवत नाही. यापुढं कुणीही, कितीही जाणता असला तरी, घरी किंवा मैदानात ओढायचं नाही. आधी एक्स-रेचा फोटो, मग बसवायचं. नस चेपली जाऊ शकते, बारीक मोडलेलं हाड सरकू शकतं. आजवर निभावलं हे नशीब म्हणा, असं म्हणाल्या. मी मान डोलावली. तूही डोलव. बाई रागानं बोलल्या नाहीत.

उठताना त्यांनी सहज विचारलं, घरात आणखी कुणाचा अंगठा असा टेकतो का? मी लगेच माझा वाकवून बघितला. तो म्हशीच्या शिंगासारखा ताठ, उलट कळ आली. आणि बाजूला बघतो तर स्नेहलनं स्वतःचा अंगठा वाकवला होता आणि तो मनगटाला आडवा चिकटला होता, लोण्यासारखा मऊ. तिनं तो बराच वेळ तसाच ठेवला. मग पदराखाली घेतला. बाईंच्या ध्यानात आलं. त्या म्हणाल्या, तुमचा कधी निघाला का? ती म्हणाली, कधीच न्हाय. बाई म्हणाल्या, बघा, तुम्हीही तेवढ्याच सैल, पण तुमचा जागेवर आहे. आईकडनं ठेवण आली, दुखणं आलं नाही. यात कुणाचं चुकलेलं नाही. रिक्षात नंदू म्हणाली, “आबा, बाईंनी पुढनं हात ठेवला ना, तवा मला वाटलं चाचाच हाईत.” स्नेहल बाहेर बघत होती. दुकानांच्या पाट्या वाचत असल्यासारखी.

तेव्हापासून रोज व्यायाम आहे. खिडकीच्या गजाला रबराची पट्टी बांधलीय, कोपर अंगाला चिकटवून ती बाहेर ओढायची, आत ओढायची, भिंतीला तळवे लावून ढकलायचं, पाठीची पाती एकमेकींकडं आवळायची. जोर मारायचे नाहीत, लोंबकळायचं नाही. पहिले काही आठवडे शेजारी मी बसत होतो. पोरीनं जरा तोंड वाकडं केलं की माझ्या तोंडातनं निघायचं, पुरे बाळा, पुरे. ती थांबायची. दुसऱ्या खेपेला बाईंनी दंड चाचपला आणि विचारलं, एवढ्या दिवसांत काही फरक का नाही? नंदूनं माझ्याकडं बोट केलं. “आबा दर येळी पुरे म्हणत्यात.” बाई म्हणाल्या, मग आबांना दुसऱ्या खोलीत बसवा. आता मी दुसऱ्या खोलीत असतो. स्नेहल शेजारी बसते, पण मायलेकींचं पट्टीवरनं भांडण होतं. एक म्हणते नीट कर, दुसरी म्हणते मी नीटच करतो. शेवटी पट्टी राहते बाजूला आणि भांडणाचाच व्यायाम होतो. नंदूला ओरडणारं कुणी नको आणि कीव करणारंही नको. समोर गप बसून नुसतं बघणारं कुणीतरी पाहिजे, ज्याच्यापुढं चुकवायची तिला लाज वाटेल. आमच्या घरात तसलं माणूस नाही.

तरी मागच्या आठवड्यात बाईंनी पुन्हा तीच तपासणी केली, मला बाहेर बसवून. स्नेहलनं येऊन सांगितलं, हात आता बराच मागं गेल्यावर भुवया उठतात, पहिल्यासारखं लगेच नाही. आणि मनगट धरलं नाही. नंदू म्हणते, “मी भ्यालो न्हाय, नुसता इच्यार केला.” बाई म्हणाल्या, भीती अर्धी गेलीय, अर्धी बाकी आहे. खांद्याच्या जरा वर हात उचलून हलकं काम करू दे. जमिनीवरनं येणारे बॉल लवकरच धरता येतील, उड्या एवढ्यात नाहीत. पुढचे दोन महिने नेमानं झालं तर बहुतेक टाके लागणार नाहीत. नेमानं झालं तर, या शब्दावर मी अडकून बसलोय.

काल सलमाचा फोन आला होता, तू बाहेर होतास. तिनं सांगितलं, मोटरसायकलवरनं पडलेला एक पोरगा हात धरून तुझ्या दारात आला, आणि तू त्याला शिवला नाहीस. म्हणालास, “माझा एक गूळ अडकलाय, तू गडहिंग्लजला दवाखान्यात जा.” सलमाला ते काही कळलं नाही. तिला वाटलं अब्बांनी गुळाचा धंदा काढला. मला कळलं. मी फोन ठेवला आणि परड्यात जाऊन रेडीशेजारी बसलो.

आता मुंग्यांचं सांगतो, कारण पत्र त्याच्यासाठीच आहे. डॉक्टरबाईंकडनं आल्यावर चार दिवसांनी स्नेहल एकटीच गुऱ्हाळावर गेली आणि गुळाची एक छोटी भेली घेऊन आली, पिवळीजर्द, केळीच्या पानात बांधलेली. स्वयंपाकघरातल्या फळीवर, नंदूच्या खांद्याच्या वर येईल अशा उंचीला तिनं ती ठेवली. घरात चहाला गूळ संपला तरी तिला हात लावू देत नाही. गेल्या आठवड्यात बाईंनी हात उचलायला परवानगी दिल्यावर नंदूनं उजव्या हातानं ती भेली खाली काढली आणि परत वर ठेवली. स्नेहल ओट्याला टेकून बघत होती, पदर तोंडाला लावून. तो गूळ पाठवता येत नाही, बाबालाल, तुझ्याच वस्तादांनी तशी अट घातलीय. तो पोरीच्या हातानंच तुला घ्यावा लागेल. सून मला पत्र लिहा म्हणाली नाही, तिच्यानं ते म्हणवत नाही. आज दुपारी तिनं फक्त माझ्या पुढ्यात कागद आणि तिचा चांगला पेन आणून ठेवला, आणि जाता जाता म्हणाली, “आबा, चाचांना सांगा, हात लावू नका, पर येऊन समोर बसा.” म्हणून लिहितोय. तुझ्या हाताला इथं आता काम नाही, डोळ्यांना आहे. बादली मी धुऊन उलटी घालून ठेवलीय, खिडकीसमोर. भेलीखाली मी पाण्याची थाळी ठेवलीय, थाळी रोज भरतो, रोज मुंग्या नवी वाट काढतात, आता तर छतावरनं उतरायला लागल्यात. मी किती दिवस पुरणार त्यांना? येतोस की नाही ते लवकर कळव. लिहायचा कंटाळा असेल तर सलमाच्या फोनवर येऊन नुसता खोकलास तरी मी समजेन. पण लवकर कळव.

तुझाच,
हंबीर